मेश्रामकाका आणि माझ्या चमकणाऱ्या पेशी

मेश्रामकाकांचा लेबलवर विश्वास नव्हता. फ्रीझरमधली कुपी असो, दुधाचा डबा असो की माणसाच्या गळ्यातलं ओळखपत्र, त्यांच्या लेखी तो एक दावा होता, बाकी काही नाही. "लिहिलं कोणी? कधी लिहिलं? लिहिताना तुम्ही समोर होते का?" हे तीन प्रश्न ते इतक्या थंडपणे विचारायचे की माणसाला स्वतःचं नावसुद्धा क्षणभर खोटं वाटावं. सिंगापुरात मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, म्हणून रुजू झाले त्या सकाळी त्यांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "नाशिकची म्हणतेस. मग सांग, सीबीएस स्टँडवरून नाशिकरोडला जायचं तर कसं जाशील?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढे कळलं की नाशिकला ते स्वतः एकदाही गेलेले नव्हते. मी अडखळते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत ते पेशींचे कारभारी होते. हुद्दा इंग्रजीत भलामोठा होता, पण तो कोणी उच्चारत नसे. सगळे त्यांना 'अंकल' म्हणत, मी काका म्हणे. पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊ घालायचं, गोठवायच्या, लागतील तेव्हा परत जाग्या करायच्या, हे काम ते वीस-बावीस वर्षं करत होते. माणूस नागपूरचा. तोआ पायोहच्या जुन्या ब्लॉकमध्ये काकू आणि मुलगी प्रज्ञा यांच्यासोबत राहायचे, आणि इतकी वर्षं परदेशात काढूनही बोलणं असं, की आदल्या दिवशीच नागपुरातल्या इंदोरा वस्तीतून आलेत. "काय करून राहिली तू?" असं मागून विचारलं की माझ्या हातातली पिपेट, थेंब मोजायची नळी, हमखास हलायची.

त्यांचा संशय प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबत नसे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, ते स्टॉलसमोर उभे राहून आपली ताटली भरेपर्यंत बाईच्या हातावरची नजर काढत नसत. अंडी घरी वेगळ्या वाटीत फोडून, वास घेऊन मगच भांड्यात जायची. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, दोन मिनिटांत येईल असं फलाटावरची पाटी म्हणाली की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहत. गाडी बरोबर दोन मिनिटांत आली की त्यांचा चेहरा पडायचा. "इतकं खरं बोलतात म्हणजे काहीतरी आहे," असं ते एकदा मला खरोखर म्हणाले होते. प्रज्ञा वैतागून म्हणायची, "पा, रिलॅक्स लाह, नोबडी इज चीटिंग यू." त्यावर काका मराठीत उत्तर द्यायचे, "हे तुला कोणी सांगितलं?"

एकदा मी त्यांना चिडवलं, "काका, तुमचा जन्मच संशयी दिसतोय." ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या बापानं धम्म घेतला तोही विचारून-पारखून घेतला. आजूबाजूचे घेऊन राहिले म्हणून नाही घेतला. आमच्या घरात पारखणं ही खोड नाही, रीत आहे." त्यानंतर मी त्यांना त्यावरून चिडवलं नाही. मनात म्हणत राहिले, ती गोष्ट वेगळी.

आता माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तेव्हा स्वतःच्या जनुकांच्या प्रती काढायचं यंत्र तो सोबत आणतो. पण ते यंत्र एकट्यानं चालत नाही. त्याला पेशीतल्याच एका प्रोटीनचा आधार लागतो. त्या प्रोटीनच्या लांबलचक नावात बत्तीसचा आकडा आहे, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'बत्तीस' म्हणायचो. माणसाच्या पेशीत हे बत्तीस म्हणजे दोन भाऊ असतात आणि दोघांपैकी एकजण असला तरी विषाणूचं भागतं. पक्ष्यांमधलं बत्तीस थोडं लांब असतं. म्हणून पक्ष्यांच्या फ्लूचं यंत्र माणसाच्या आखूड बत्तीसवर नीट बसत नाही, अडखळतं. माणसात पसरायचं तर त्याला आधी स्वतःत थोडा बदल करून घ्यावा लागतो.

काका हे सगळं एका वाक्यात सांगायचे. "हा पाहुणा शिलाई मशीन घेऊन येतो, पण पायडल मारायला माणूस तुमच्या घरातला लागतो. विषाणूवर काय संशय घेता? तो तर चोरच आहे. घरातलं कोण त्याला सामील आहे ते पाहा." आमच्या प्रोफेसरबाईंना हे इंग्रजीतून ऐकवल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते आपल्या भाषणात घातलं. काकांनी नंतर मला विचारलं, "माझं नाव घेतलं का त्यांनी?" मी नाही म्हटलं. "मग बरं," ते म्हणाले, आणि त्यांना नक्की काय वाटलं ते मला कळलं नाही.

मी अशा पेशी वापरत होते ज्यांच्यातून दोन्ही बत्तीस कापून काढलेले होते. खरा विषाणू नाहीच. त्याच्या यंत्राचे तेवढे सुटे भाग पेशीत सोडायचे, आणि सोबत एक खूण, म्हणजे यंत्र चाललं तर पेशी चमकणार, नाहीतर अंधार. बत्तीस नसलेल्या पेशीत सगळीच यंत्रं थंड पडायची. मग मी भावाच्या लग्नासाठी दोन आठवडे नाशिकला जाऊन आले, माणसाच्या फ्लूच्या एका नव्या नमुन्याचं यंत्र घेऊन बसले, आणि पेशी चमकल्या. निम्म्यानं का होईना, पण चमकल्या. पक्ष्यांच्या फ्लूचं यंत्र त्याच पेशींमध्ये नेहमीसारखं गार होतं. म्हणजे माझ्या पेशी ठीक होत्या आणि हा नवा गडी बत्तीसशिवाय चालत होता!

प्रोफेसरबाईंनी तो आलेख पाहिला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. असं त्या कोणाच्या शेजारी बसत नाहीत. माझा नोकरीचा पास संपायला चार महिने उरले होते आणि मुदतवाढ मिळेल की नाही हे कोणी बोलत नव्हतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पेपर लिहायला घे. बाकीचं मी बघते." टॅम्पिनीसला भाड्याच्या खोलीत परतताना मी एमआरटीमध्ये उभी होते आणि आईला फोनवर सांगत होते की बहुतेक राहतेय मी इथे.

मेश्रामकाकांनी मात्र आलेख पाहून विचारलं, "कोणाशिवाय चालून राहिलं म्हणतेस?"

"बत्तीसशिवाय."

"छे. कोणीतरी घरात आहे."

मला ते लागलं. अभिनंदन नाही, हसणं नाही, कोणीतरी घरात आहे! त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. माझा फ्रीझरमधला खण उघडल्यासारखा वाटायचा. एका दुपारी जेवून लवकर परतले, तर काका पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरमधून माझ्या पेशींचा फ्लास्क काढत होते. मला बघून त्यांनी तो शांतपणे परत ठेवला आणि हवामानाबद्दल काहीतरी बोलले. सिंगापुरात हवामानाबद्दल बोलायला असतं काय? माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. या माणसाला पीएचडी नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पेशी सांभाळल्या, आणि काल आलेली पोरगी पेपर लिहितेय, हे बघवत नसेल. आज लिहितानाही त्या विचाराची लाज वाटते.

मी माझ्या फ्लास्कच्या झाकणांवर पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले. कोणी झाकण फिरवलं की ठिपक्याची जागा बदलणार. दोन दिवसांनी काका माझ्या टेबलाशी आले. "ठिपके चांगले दिलेस," म्हणाले, "पण झाकणावर नको देऊ. झाकणं बदलता येतात. अर्धा झाकणावर, अर्धा बाटलीवर, असा दे." बोलून निघूनही गेले. मी तिथेच बसून राहिले, कान लाल झालेले.

पेपर पाठवायला आठवडा असताना मार्कर शोधायला त्यांचा ड्रॉवर उघडला आणि तिथे एक पट्टीचा फोटो सापडला. पेशीतली प्रोटीनं वेगळी करून त्यातलं एखादं आहे की नाही ते बघायची ही तपासणी. प्रोटीन असेल तिथे काळी पट्टी उमटते. फोटोच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती, आणि बत्तीसच्या जागी, जिथे काही म्हणजे काही दिसायला नको होतं, तिथे एक फिकी पट्टी होती.

मी तो फोटो घेऊन तडक त्यांच्यासमोर उभी राहिले. "माझ्या पेशी मला न विचारता घेतल्यात तुम्ही?"

"घेतल्या."

"माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर काऊन घेऊ? पेशींवर घेतला." त्यांनी फोटो माझ्या हातून घेतला नाही. "पक्ष्याचं यंत्र गार पडलं म्हणून पेशी ठीक, असं तू धरून चालली. अगं, पक्ष्याचं यंत्र माणसाच्या साध्या पेशीतही गारच पडते. मग तो पुरावा कशाचा? बत्तीसवाल्या साध्या पेशी शिरल्यात तुझ्या फ्लास्कमध्ये. त्या भराभर वाढतात, तुझ्या कापलेल्या हळू वाढतात. थोड्या शिरल्या तरी महिनाभरात घर त्यांचं."

 चमकत होत्या त्या माझ्या पेशी नव्हत्याच, घुसलेल्या होत्या. चूक इतकी साधी होती की बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही दिसावी, आणि ती मी केली होती, प्रोफेसरबाईंनी केली होती, बैठकीत त्या आलेखाला टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी केली होती. काकांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "अजून कोणाला सांगितलं नाही. आधी कुठून शिरल्या ते शोधू. नाहीतर लोक विचारतील आणि आपण तोंडाकडे पाहू."

पुढचे तीन आठवडे त्यांनी माझ्या गोठवलेल्या कुप्या एकेक करून जाग्या केल्या. नाशिकला जायच्या आधीच्या आठवड्यातली कुपी स्वच्छ निघाली. परतल्यानंतरची भेसळीची. म्हणजे जे झालं ते मधल्या दिवसांत. मी नसताना माझ्या पेशींना खाऊ घालत होते स्वतः काका.

त्यांनी आपली नोंदवही उघडली आणि बोटानं ओळी वाचत गेले. आमच्याकडे प्रत्येक जातीच्या पेशीला खाद्याची वेगळी बाटली असते आणि हूडखाली, म्हणजे स्वच्छ हवेच्या काचेच्या कपाटात, एका वेळी एकच जात उघडायची असते. हा नियम काकांचाच. एका दिवसापाशी त्यांचं बोट थांबलं. साध्या पेशींनंतर माझ्या पेशींकडे वळताना बाटली बदलल्याची नोंद नव्हती. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "त्या दिवशी बाटलीवर तुझ्या पेशींचं नाव होतं. अक्षर माझं होतं. म्हणून मी वळून पाहिलं नाही."

मग वही न मिटता त्यांनी मला विचारलं, "तू जायच्या दिवशी काय केलं होतं?"

मी म्हणाले, "काही नाही. नुसत्या बघितल्या आणि ठेवल्या."

ते "बरं" म्हणाले.

एवढंच. 'लिहिलं कोणी?' विचारलं नाही, 'समोर कोण होतं?' विचारलं नाही. ज्या माणसानं एमआरटीच्या पाटीवर विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्या शब्दावर ठेवला. आणि मी खोटं बोलले होते. जायच्या दिवशी विमानाची घाई होती. साध्या पेशी आणि कापलेल्या पेशी, दोन्ही फ्लास्क मी हूडखाली एकदमच उघडले होते आणि दोघींना खाद्य घातलं होतं. पिपेट मध्ये बदलली की नाही, मला आजही आठवत नाही. त्या क्षणी मात्र एकच गोष्ट आठवत होती, पास संपायला उरलेले दिवस.

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन प्रोफेसरबाईंकडे गेले आणि चूक आपली असल्याचं सांगून आले. पेपर थांबला. निष्काळजीपणा माझा नाही असं ठरल्यामुळे मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. काकांना कोणी काही बोललं नाही, पण निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांनी स्वतःच राजीनाम्याचा अर्ज दिला. निरोपाला केक आणला होता. सगळ्यांनी भाषणं केली. मीही केलं. माझ्या भाषणाला सगळ्यात जास्त हसू आलं लोकांना.

दोन महिन्यांनी काकूंनी जेवायला बोलावलं म्हणून मी तोआ पायोहला गेले. काका वाळले होते. जेवताना दोनदा उठून गॅसचं बटण बघून आले. काकूंनी पापड तळायला घेतले तर म्हणाले, "तूच तळ, मला नको देऊ." ते खोलीत गेल्यावर काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बाप्पा, काय सांगू तुला. आधी जगावर संशय घ्यायचे, ते परवडलं. आता स्वतःच्या हातावर घेऊन राहिले. कुलूप लावतात आणि मला ओढून पाहायला सांगतात. प्रज्ञाला औषध मोजून द्यायचं तर तीनदा मोजतात आणि मलाच द्यायला लावतात."

 काका बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं. विमानाची घाई, दोन फ्लास्क, न आठवणारी पिपेट, सगळं. काकूंनी गॅस बंद केला.

काकांनी विचारलं, "किती वेळ उघडे होते दोन्ही?"

"दहा मिनिटं असतील."

"म्हणजे तू की मी, हे आता कळायचं नाही." ते टेबलावरच्या कापडाची घडी सरळ करत होते. "मला सांगून काय होईल? माझ्या नोंदीत चूक राहिली आहे. ज्यांनी ती वाचली त्यांना सांग." आवाज चढलेला नव्हता. मी निघाले तेव्हा मला पोचवायला लिफ्टपर्यंत ते आले नाहीत. त्याआधी प्रत्येक वेळी यायचे.

मी प्रोफेसरबाईंना लिहिलं. त्यांनी बोलावून शांतपणे ऐकून घेतलं, काकांना स्वतः फोन केला, आणि मुदत संपली तेव्हा मला पुढच्या मुदतवाढीचं पत्र आलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता सिंगापुरातच पाया लेबारला एका कंपनीत आहे, तपासणीची किटं बनवणाऱ्या. दुसऱ्यांच्या नोंदी वाचायच्या आणि न लिहिलेलं हुडकायचं, हे माझं काम. मी हातात वही घेतली की तिथे काम करणारी मुलं एकमेकांकडे बघतात, ते मला दिसतं. त्यांना मी तेच तीन प्रश्न विचारते. चौथा मी माझा घातलाय: तू स्वतः काय केलंस?

गेल्या वर्षी काका-काकू नागपूरला कायमचे परत गेले. विमानतळावर मी गेले होते. काकूंनी जवळ घेतलं. काकांनी तब्येत विचारली, नोकरी विचारली, बॅगांची कुलुपं एकदाच ओढून पाहिली. त्यांना बघून बरं वाटलं आणि रडूही आलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, "काका, पुढच्या वर्षी नागपूरला नक्की येते तुमच्याकडे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, लोभानंच. फलाटावरच्या पाटीकडे जसे बघायचे तसे. मग म्हणाले, "ये. आलीस की मानीन."

तिकीट काढलंय. त्यांना कळवलेलं नाही.